लाकूड, गवत आणि अडवलेला रस्ता : रेड क्लाउडच्या मुलखातून

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांपैकी सिटिंग बुल आणि क्रेझी हॉर्स ही नावं आपल्याकडे ऐकलेली असतात, कस्टरचा पराभवही माहीत असतो. पण सरकारला तह करायला लावून त्याचे किल्ले रिकामे करवून घेतले ते लकोटा जमातीच्या ओग्लाला शाखेतल्या मख्पिया लूतानं, म्हणजे रेड क्लाउडनं. १८६६ ते १८६८ या दोन वर्षांत त्यानं बोझमन ट्रेल नावाचा सोन्याच्या खाणींकडे जाणारा रस्ता बंद पाडला. ही लढाई पुस्तकात वाचताना चकमकींची यादी वाटते. जागेवर गेलं, किल्ला आणि जंगल यांतलं अंतर पायाखाली घातलं, की रेड क्लाउडला काय दिसलं होतं ते कळतं.

वायोमिंग, नेब्रास्का आणि साउथ डकोटा अशा तीन राज्यांत ही ठिकाणं पसरली आहेत. डेन्व्हरला गाडी घेऊन रॅपिड सिटीला सोडली की उलटा फेरा वाचतो. एका टोकाला घेऊन दुसरीकडे सोडण्याचा जादा आकार पडतो, तो आधी विचारून घ्यावा. सप्टेंबरअखेर हवा उत्तम असते. ऊन सौम्य, रात्री थंडी, नदीकाठची कॉटनवुडची झाडं पिवळी झालेली. एकच त्रास म्हणजे वारा. तो दिवसभर थांबत नाही. गाडीचं दार उघडताना हातानं धरून उघडा, नाहीतर बिजागरीसकट वाकतं.

पहिला दिवस : फोर्ट लॅरमी

डेन्व्हरहून शायेन, टॉरिंग्टन आणि तिथून पश्चिमेला वळून फोर्ट लॅरमी, असा साधारण दोनशे मैलांचा रस्ता. ठाणं गावात नाही, गावापासून तीन मैलांवर आहे. प्रवेश फुकट. वाटेत नॉर्थ प्लॅट नदीवर सैन्यानं १८७५ साली बांधलेला लोखंडी पूल लागतो, तो उतरून पाहण्याजोगा आहे.

तट-बुरूज शोधू नका, सैन्याच्या या ठाण्याला तट नव्हता. मोकळं परेडचं मैदान, त्याच्या कडेनं बराकी, अधिकाऱ्यांची घरं, दुकान. १८३४ साली कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी इथे ठाणं मांडलं आणि १८४९ साली सैन्यानं ते चार हजार डॉलरला विकत घेतलं. ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाकडे निघालेले गाड्यांचे तांडे इथे थांबायचे. त्या तांड्यांनी नदीकाठचं काय केलं असेल याचा अंदाज घ्यायचा तर पश्चिमेला ग्वेर्नझीला जा. वाळूच्या दगडात चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या काही ठिकाणी पाच फूट खोल आहेत. दगडाची ही गत, तर गवताची काय झाली असेल! बैलांनी कुरणं खाल्ली, सरपणासाठी झाडं गेली आणि गव्यांचे, म्हणजे अमेरिकन बायसनचे, कळप त्या पट्ट्यापासून दूर झाले. लकोटांच्या तक्रारीचं मूळ इथे आहे.

१८५१ साली याच परिसरात मोठी परिषद भरली. सुमारे दहा हजार लोक जमले. त्यांच्या घोड्यांना ठाण्याजवळ चारा पुरेना म्हणून सगळी परिषद तीसएक मैल खाली, हॉर्स क्रीकला हलवावी लागली. वर्षाला पन्नास हजार डॉलरचा माल पन्नास वर्षं देण्याचं ठरलं. सिनेटनं नंतर पन्नासाची दहा वर्षं केली. तीन वर्षांनी, १९ ऑगस्ट १८५४ रोजी, एका मॉर्मन प्रवाशाची गाय मारल्यावरून लेफ्टनंट ग्रॅटन तीसेक माणसं आणि दोन तोफा घेऊन लकोटांच्या तळावर गेला. समेटाची भाषा करणारा पुढारी कॉन्करिंग बेअर प्राणघातक जखमी झाला आणि ग्रॅटनची सगळी तुकडी कापली गेली. ती जागा ठाण्याच्या पूर्वेला लिंगलच्या रस्त्यावर आहे. फलकाशिवाय तिथे फारसं काही नाही, पण वाटेत आहे म्हणून थांबावं.

ठाण्यात सगळ्यात जास्त वेळ ‘ओल्ड बेडलम’पाशी द्या. १८४९ ची ही दुमजली पांढरी इमारत वायोमिंगमधली उभी असलेली सर्वांत जुनी इमारत मानली जाते. पुढच्या गोष्टीत ती परत येते.

जून १८६६ मध्ये रेड क्लाउड इथे वाटाघाटींना आला होता. माँटानात सोनं सापडलं होतं आणि तिकडे जाणारा जवळचा रस्ता पावडर नदीच्या खोऱ्यातून, म्हणजे लकोटांच्या उरल्यासुरल्या चांगल्या शिकारीच्या मुलखातून जात होता. सरकारला त्या रस्त्याची परवानगी हवी होती. बोलणी चालू असतानाच कर्नल हेन्री कॅरिंग्टन सुमारे सातशे सैनिकांसह येऊन पोचला. त्याला त्याच रस्त्यावर किल्ले बांधायचा हुकूम होता. परवानगी मागायची आणि ती मिळायच्या आत फौज पाठवायची, हे पाहून रेड क्लाउड उठून गेला.

मुक्कामाला टॉरिंग्टन सोयीचं. या भागात शाकाहारी माणसानं गाडीत चिवडा, मेतकूट, दशम्या, गरम पाण्याचा थर्मास ठेवावा. सूप मागवलंत तर ते गोमांसाच्या पाण्यात केलंय का हे विचारल्याशिवाय कळत नाही. भाजलेला बटाटा आणि चीज सँडविच मात्र सगळीकडे मिळतं.

दुसरा दिवस : बोझमनच्या वाटेनं बफेलोपर्यंत

हा प्रवासाचा दिवस. डग्लस, कॅस्पर, केसी, बफेलो. जॉन बोझमननं १८६३ साली आखलेली वाट बरीचशी आजच्या महामार्गाच्या आजूबाजूनं जाते. कॅस्पर सोडल्यावर पेट्रोल भरूनच निघा, पुढे केसीपर्यंत पंपांचा भरवसा नाही. पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर हरणं येतात. प्रॉन्गहॉर्न हे हरणासारखे प्राणी दिवसाढवळ्या कुंपणाखालून सरपटत जातात, उडी मारत नाहीत. ते पाहायला गाडी बाजूला घ्यावी असंच दृश्य असतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण रेड क्लाउडवरचं प्रेम आंधळं असू नये. १८५१ च्या करारात पावडर नदीचा हा मुलूख क्रो लोकांच्या नावावर दाखवला होता. लकोटांनी क्रोंना रेटत पश्चिमेकडे सरकवलं आणि हा मुलूख मिळवला. म्हणूनच पुढच्या लढाईत क्रो लोक सैन्याच्या बाजूनं राहिले. रेड क्लाउडच्या बाजूला ओग्लाला आणि मिनिकोंजू लकोटा, शायान आणि अरापाहो होते.

ही जूट टिकवणं हे त्याचं मोठं काम. लकोटांमध्ये पुढारी हुकूम सोडत नसे. पटलं तर लोक येत, नाही पटलं तर तंबू उचलून जात. उन्हाळ्यात सूर्यनृत्य, मग गव्यांची शिकार, हिवाळ्यात आडोशाचे तळ, हे चक्र कुणासाठी थांबत नाही. या सगळ्यातून माणसं दोन वर्षं एका कामाला लावून धरणं म्हणजे काय, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची मैदानं पाहू नयेत.

बफेलोला राहा. गाव लहान, देखणं. बास्क मेंढपाळांची इथे जुनी वस्ती आहे. गव्याच्या मांसाचा बर्गर बहुतेक ठिकाणी मिळतो. हे मांस कमी चरबीचं असतं, त्यामुळे जास्त भाजलं की कोरडं होतं, ‘मीडियम’ सांगा.

तिसरा दिवस : फोर्ट फिल कर्नी, फेटरमनची टेकडी आणि स्टोरी

आजचा दिवस अख्खा ठेवा. बफेलोहून शेरिडनच्या दिशेनं आय-९० महामार्गावर निघायचं आणि ४४ नंबरच्या एक्झिटला उतरायचं. आधी अभ्यागत केंद्रात जा, नकाशा घ्या. राज्याबाहेरच्यांना शुल्क जास्त असतं. उन्हाळा सरला की केंद्राच्या वेळा कमी होतात, त्या आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात.

१८६६ च्या जुलैमध्ये कॅरिंग्टननं बिग पायनी आणि लिटल पायनी या ओढ्यांमधल्या पठारावर हा किल्ला सुरू केला. मूळचं आता काहीच उभं नाही. तटाचा थोडा भाग नव्यानं उभारलाय आणि इमारतींच्या जागी खुणा आहेत. तट आठ फूट उंच, लांबी १,४९६ फूट, रुंदी एका टोकाला ६०० आणि दुसऱ्या टोकाला २४० फूट. आत सतरा एकर जागा. नुसत्या तटाला चार हजारांहून जास्त ओंडके लागले.

आता तटाशी उभं राहून चौफेर पाहा. पाणी जवळ, गवत भरपूर, लांबवर नजर जाते. झाडं मात्र नाहीत. पाइनचं जंगल वायव्येला पाचेक मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी आहे. तट, बराकी, तबेले, आणि त्यावर सगळ्या हिवाळ्याचं सरपण, हे सारं तिथून गाड्यांनी आणायचं. म्हणजे लाकूडतोड्यांचा तांडा सकाळी निघणार, संध्याकाळी परतणार, रोज त्याच वाटेनं. रेड क्लाउडनं किल्ल्यावर चढाई केली नाही. त्यानं ही वाट धरली. लाकडाचे तांडे, गवत कापणारे, चरायला सोडलेली जनावरं, डाकेचे स्वार: जे जे तटाबाहेर पडेल त्यावर हल्ला. आपल्याकडे गनिमी कावा म्हणतात तो हाच. तुरळक माणसं मारली जात, जनावरं पळवली जात, आणि किल्ल्यातली निम्मी ताकद लाकूड राखण्यात खर्ची पडे.

किल्ल्याच्या दक्षिणेला पायलट हिल आहे. तिथला पहारेकरी लाकडाच्या तांड्यावर हल्ला झाला की निशाणानं खूण करायचा. २१ डिसेंबर १८६६ च्या सकाळी अकराच्या सुमारास अशीच खूण झाली.

कॅप्टन विल्यम फेटरमन मदतीला निघाला. त्याच्याबरोबर पायदळ, लेफ्टनंट ग्रमंडच्या हाताखाली २७ घोडेस्वार, कॅप्टन ब्राउन आणि व्हीटली व फिशर हे दोन नागरिक: सगळे मिळून ८१. लॉज ट्रेल कड्याच्या पलीकडे जाऊ नका, असं कॅरिंग्टननं बजावलं होतं, असं तो पुढे शेवटपर्यंत सांगत राहिला. समोर मूठभर स्वार हूल देत होते. घोडा लंगडतोय असं दाखवायचे, उतरून नाल तपासल्यासारखं करायचे, टप्प्यात आलं की पुन्हा पुढे सरायचे. फेटरमन कडा ओलांडून गेला.

किल्ल्यापासून जुन्या ८७ नंबरच्या रस्त्यानं काही मैलांवर हे मैदान आहे. दगडी स्मारकापासून पायवाट कड्याच्या माथ्यानं उतरत जाते. ती शेवटपर्यंत चालाच. जागेचं वर्णन फोटोत बसत नाही. माथा अरुंद आहे, काही ठिकाणी रस्त्याएवढाच. दोन्ही अंगांना उतार आणि घळी, आणि सपाट वाटणारं गवत प्रत्यक्षात माणूस आडवा झाला की झाकेल इतकं उंच. वरून खाली पाहिलं तर रिकामी टेकडी दिसते. दहा पावलं उतारावर जाऊन मागे वळलं की माथ्यावरची माणसं आकाशावर उठून दिसतात. दबा धरणाऱ्याला याहून चांगली जागा मिळायची नाही. घोडेस्वार हुलकावणीमागे खाली ओढ्याकडे उतरले, पायदळ वर मागे राहिलं, आणि मध्ये अंतर पडलं. त्याच क्षणी दोन्ही उतारांवरून हजाराहून अधिक योद्धे उठले. पायदळाकडे नळीतून ठासायच्या बंदुका, मिनिटाला तीनेक बार. घोडेस्वारांकडे स्पेन्सर आणि दोन नागरिकांकडे हेन्री या भराभर बार करणाऱ्या बंदुका होत्या, पण ती माणसं पुढे अडकली. अर्ध्या-पाऊण तासात एक्क्याऐंशीच्या एक्क्याऐंशी माणसं संपली.

लकोटांच्या वर्षमोजणीत, कातड्यावर दरवर्षी एक चित्र काढायची त्यांची रीत असते, तो हिवाळा ‘शंभर गोरे मारले’ असा नोंदलेला आहे. स्मारकावरच्या मजकुराबद्दल सावध राहा. त्यात चार नागरिक लिहिलेत, होते दोन. ‘कुणीही वाचलं नाही’ असंही लिहिलंय. त्या दिवशी घरी परतलेले शेकडो योद्धे कोरणाऱ्याच्या हिशेबात नव्हते. रेड क्लाउडनं स्वतः त्या दिवशी टेकडीवर सूत्रं हलवली असंही त्यावरून वाटतं. तो तिथे होता की नाही यावर इतिहासकारांचं एकमत नाही. मिनिकोंजूंचा हाय बॅकबोन प्रत्यक्ष लढाईत पुढे होता.

त्या रात्री हिमवादळ आलं. तटाला लागून बर्फ इतका चढला, की त्यावरून कुणी आत येऊ नये म्हणून सैनिक तो उपसत बसले. जॉन फिलिप्स नावाचा माणूस मदत मागायला निघाला आणि २३६ मैल घोडा दामटून नाताळच्या रात्री फोर्ट लॅरमीला पोचला. ओल्ड बेडलममध्ये तेव्हा नाच चालला होता.

पायवाटेबद्दल दोन सूचना. गवतात रॅटलस्नेक असतात, ऊन असताना वाट सोडू नका आणि घोट्यावर येणारे बूट घाला. सावली शून्य आहे, माणशी लिटरभर पाणी हवंच.

दुपारी स्टोरी गावाजवळचं वॅगन बॉक्सचं मैदान. इथे एकदम पाइनची झाडं सुरू होतात, कारण हेच ते लाकडाचं जंगल. ओंडके न्यायचे तर गाडीची वरची लाकडी पेटी काढून नुसता चाकांचा सांगाडा वापरायचा. अशा काढलेल्या चौदा पेट्या रात्री जनावरं कोंडायला लंबगोल मांडलेल्या होत्या. २ ऑगस्ट १८६७ रोजी हल्ला झाला तेव्हा कॅप्टन जेम्स पॉवेल आणि बत्तीसेक माणसं या कोंडवाड्यात शिरली आणि मदत येईपर्यंत टिकली. पेट्यांना लोखंडी पत्रा होता ही दंतकथा आहे, साध्या फळ्या होत्या. फरक पडला तो बंदुकीनं. महिन्यापूर्वीच मागून भरायच्या नव्या स्प्रिंगफील्ड रायफली आल्या होत्या. पहिली फैर झाली की ठासायला लागणाऱ्या वेळात चाल करून जायचं, हे योद्ध्यांचं ठरलेलं तंत्र. या वेळी तो खंड पडलाच नाही. आदल्याच दिवशी उत्तरेला याच रस्त्यावरच्या फोर्ट सी. एफ. स्मिथ या दुसऱ्या किल्ल्याजवळ गवत कापणाऱ्यांवर असाच हल्ला झाला होता. एकीकडे गवत, एकीकडे लाकूड.

ही लढाई सैन्य ‘जिंकलं’ म्हणतात. पण लाकडाला जायचं तर प्रत्येक वेळी लढाई, मग रस्त्यावरून प्रवासी जाणार कसे? १८६७ मध्ये बोझमन ट्रेलवरची नागरी वाहतूक जवळपास थांबली. शिवाय युनियन पॅसिफिक रेल्वे पश्चिमेला सरकत होती, आणि तिच्यामुळे माँटानाला दुसऱ्या बाजूनं जाता येणार होतं. सरकारनं हिशेब केला आणि तह पुढे केला. एप्रिल १८६८ मध्ये फोर्ट लॅरमीला बाकीच्यांच्या सह्या सुरू झाल्या. रेड क्लाउड आला नाही. किल्ले रिकामे झालेले दिसले की येतो, असा त्याचा निरोप होता. जुलैअखेर-ऑगस्टमध्ये सैन्य निघालं आणि शायानांनी फोर्ट फिल कर्नी जाळला. तरी रेड क्लाउड आला तो नोव्हेंबरात, हिवाळ्याची मांसाची बेगमी करून. जमिनीवरची धूळ हातांना चोळून मग त्यानं लेखणीला हात लावला.

चौथा दिवस : कोळशाच्या मुलखातून नेब्रास्का

बफेलोहून जिलेट, तिथून ५९ नंबरच्या रस्त्यानं राइट, डग्लस, लस्क आणि मग पूर्वेला हॅरिसन, क्रॉफर्ड. लांबचा पल्ला. अमेरिकेच्या कोळशापैकी सुमारे चाळीस टक्के याच पावडर नदीच्या खोऱ्यातून निघतो. राइटच्या आसपास खाणी आणि संपता न संपणाऱ्या कोळशाच्या आगगाड्या दिसतात. १८६८ च्या करारात ‘गोऱ्यांनी वसू नये’ म्हणून लिहिलेला मुलूख तो हाच, कलम १६. फोनची रेंज मध्येच जाते. नकाशे आधी उतरवून घ्या आणि लस्कला टाकी भरा.

पाचवा दिवस : फोर्ट रॉबिन्सन आणि रेड क्लाउड एजन्सी

फोर्ट रॉबिन्सन आता नेब्रास्काचं सरकारी उद्यान आहे. गाडीचा परवाना घ्यावा लागतो. अधिकाऱ्यांच्या जुन्या घरांत राहता येतं आणि तेच करावं. हिवाळ्यात ही सोय बंद असते. मागे पांढुरके कडे, सकाळच्या उन्हात झळाळतात.

इथून दीडेक मैलावर रेड क्लाउड एजन्सीची जागा. माळ आणि फलक, बाकी काही नाही. १८७३ साली एजन्सी, म्हणजे शिधा वाटणारी सरकारी कचेरी, इथे आली. जिंकलेल्या पुढाऱ्याला सरकारी शिध्यावर का यावं लागलं? गवे संपत चालले होते, हे उत्तर. ज्यानं किल्ल्यांचं लाकूड-गवत तोडलं त्याच्या लोकांचं पीठ-मांस आता दुसऱ्याच्या हातात गेलं.

तो गप्प बसला नाही. १८७० मध्ये वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष ग्रँटना भेटला. आपल्याला सांगितलेला करार आणि कागदावरचा करार वेगळे आहेत हे त्याला तिथे कळलं. न्यूयॉर्कच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये १६ जूनला त्यानं भरल्या सभेत ते सांगितलं. १८७४ च्या नोव्हेंबरात येल विद्यापीठाचे ओ. सी. मार्श जीवाश्म खणायला एजन्सीवर आले. रेड क्लाउडनं त्यांच्या हातात शिध्याचे नमुने ठेवले: पीठ, साखर, कॉफी, तंबाखू. सगळा खराब माल. मार्शनी ते नमुने घेऊन वॉशिंग्टन हलवलं, चौकशी बसली, आणि १८७५ मध्ये अंतर्गत व्यवहार खात्याचे सचिव डेलानो यांना पद सोडावं लागलं. माझ्या मते हा फेटरमनच्या टेकडीइतकाच मोठा विजय आहे. एजन्सीच्या फलकापाशी उभं राहून तो आठवावा.

पुढचं मात्र वाईट. १८७४ मध्येच कस्टरच्या मोहिमेनं ब्लॅक हिल्स या लकोटांच्या डोंगरांत सोनं शोधलं. १८७६ च्या लढाईत रेड क्लाउड उतरला नाही. लिटल बिगहॉर्नला कस्टरचा पराभव झाल्यावर काँग्रेसनं ठरवलं, की ब्लॅक हिल्स सोडल्याशिवाय शिधा नाही. १८६८ च्या कराराप्रमाणे जमीन द्यायला तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्या होत्या. मिळाल्या दहा टक्क्यांच्या आसपास. त्यांत रेड क्लाउडचीही होती. पोरांच्या ताटातलं अन्न समोर ठेवून घेतलेल्या सहीला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. तरीही ऑक्टोबरात सैन्यानं चॅड्रन क्रीकवर त्याच्या तळाला वेढा घालून घोडे आणि शस्त्रं काढून घेतली आणि जनरल क्रुकनं त्याचं पुढारीपण रद्द केल्याचं जाहीर केलं.

उद्यानातच क्रेझी हॉर्स ५ सप्टेंबर १८७७ रोजी मारला गेला ती जागा आहे. पहाऱ्याची खोली नव्यानं बांधलीय, शेजारी दगड. लोक तिथे तंबाखू आणि कापडाच्या चिंध्या ठेवून जातात. हात लावू नका.

सहावा दिवस : पाइन रिज

क्रॉफर्ड, चॅड्रन, रशव्हिल आणि तिथून उत्तरेला. राज्याची हद्द ओलांडली की ओग्लाला लकोटांची भूमी. इथे दारूला बंदी आहे, गाडीत बाटली असेल तर आधीच काढून टाका. रेडिओ ९०.१ वर लावा: किली, १९८३ पासून चालणारं लकोटांचं केंद्र. लकोटा भाषेतल्या सूचना, ढोलाची गाणी, शाळेच्या सामन्यांचे निकाल. वाटेवर दुसरं काही ऐकूच नये.

रेड क्लाउडनं ‘काळ्या झग्यांच्या’ जेझुइट धर्मगुरूंसाठी सरकारकडे आग्रह धरला होता आणि १८८८ मध्ये होली रोझरी मिशन सुरू झालं. शाळेला आता मख्पिया लूता हेच नाव आहे. या शाळेचा इतिहास सरळ नाही. वसतिगृहाच्या काळात मुलांचे केस कापले गेले, भाषा तोडली गेली. आज तिथे लकोटा माध्यमाचे वर्ग चालतात. हेरिटेज सेंटरमधली चित्रं आणि मणीकाम सावकाश पाहा. काही विकत घ्यायचं असेल तर इथे घ्या, पैसे कलाकाराकडे जातात. साळिंदराच्या पिसांचं काम ओळखायची खूण सांगते: पिसं चपटी करून दुमडलेली असतात, जवळून पाहिलं तर दुमडीची कड दिसते, प्लास्टिकची नक्कल सपाट चकाकते.

मागच्या टेकडीवर दफनभूमी. १० डिसेंबर १९०९ रोजी वारलेल्या रेड क्लाउडची कबर तिथे आहे. शेवटी त्याची दृष्टी गेली होती. एजंट मॅकगिलिकडीशी वर्षानुवर्षं भांडण, १८८९ च्या जमीन तोडणाऱ्या कायद्याला विरोध, हे सगळं त्यानं इथून केलं. फोटो काढण्याआधी विचारा, थडग्यांवरच्या वस्तू हलवू नका.

दुपारी रस्त्याकडेच्या ठेल्यावर फ्रायब्रेड खा. शिध्यात मिळणाऱ्या पीठ आणि चरबीतून हा पदार्थ जन्मला; आपल्या भटुऱ्याचा जाडजूड भाऊ म्हणा. वर मांस-घेवडा-चीज घातलं की इंडियन टाको. शाकाहारी असाल तर नुसत्या घेवड्याचा मागा आणि तळण चरबीतलं आहे का विचारा. वोजापी चुकवू नका: चोकचेरी ही रानफळं शिजवून केलेला दाट, आंबट-तुरट रस. गरम फ्रायब्रेडवर घातला की पुन्हा मागावासा वाटतो.

वूंडेड नी इथून सोळा-सतरा मैल. २९ डिसेंबर १८९० ला सातव्या घोडदळानं इथे मिनिकोंजू पुढारी बिग फूटच्या लोकांना मारलं, बायका-पोरांसह. समेटासाठी पाइन रिजला ये, असं रेड क्लाउड आणि इतर पुढाऱ्यांनीच त्याला बोलावलं होतं. टेकडीवर सामाईक खड्डा, त्यात १४६ देह. वाटेवर हस्तकला विकणारे येतात, बोलतात, माहिती देतात. त्यांना टाळू नका. सुट्टे पैसे जवळ ठेवा, कार्ड चालत नाही.

सातवा दिवस : ब्लॅक हिल्स

रॅपिड सिटीहून सकाळी स्टर्जिसजवळच्या बेअर ब्यूट या डोंगराकडे जा. १८५७ मध्ये लकोटांच्या साऱ्या शाखा इथे जमल्या आणि आणखी जमीन जाऊ द्यायची नाही असं ठरलं. माथ्यापर्यंत पावणेदोन मैलांहून थोडी जास्त वाट, चढ बेताचा, शेवट खडकाळ. झाडांना बांधलेली रंगीत कापडं ही प्रार्थना आहेत. हात नाही, फोटोही नाही.

मग लीड गावातली होमस्टेक खाण. सोनं १८७६ मध्ये सापडलं, खाण २००२ मध्ये बंद झाली. दरम्यान सुमारे चार कोटी औंस सोनं निघालं. गावाच्या मधोमध पडलेला खड्डा कठड्यावरून दिसतो. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ब्लॅक हिल्स बेकायदा घेतल्याचं मान्य केलं आणि व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. लकोटांनी ती आजवर उचललेली नाही, कारण पैसे घेतले की जमीन विकल्यासारखं होतं. व्याजानं ती रक्कम अब्जावर गेली आहे.

विमान संध्याकाळचं असेल तर रॅपिड सिटीतलं जर्नी म्युझियम आधी उरकून घ्या. त्यातला सू, म्हणजे लकोटा आणि त्यांच्या भाऊबंदांचा, संग्रह दोन तास मागतो. गाडी परत करताना टपावरची आणि चाकांमधली लाल धूळ धुऊन घ्या, काही ठिकाणी सफाईचे वेगळे पैसे लावतात.